सगळ्यात मागची सायकल

नमस्कार श्रोतेहो.

रविवारी पहाटे सव्वासहाला बडोद्याच्या काळ्या घोड्यापाशी दहा-बारा सायकली उभ्या दिसल्या, तर त्यातली कॅरिअरला कापडी पिशवी बांधलेली ती माझी. माझं वय 58. गुडघे त्याहून दोन वर्षांनी मोठे.

सायकल मला येत नव्हती असं नाही. दांडिया बाजारातून शाळा आणि पुढे कॉलेज, सगळं सायकलवरच झालं. मग लूना आली, स्कूटी आली आणि सायकल माळ्यावर गेली. दोन वर्षांपूर्वी भाची मागे लागली, "आत्या, चल ना, निवांत जायचंय. रेस नाहीये." आता हे सगळेच म्हणतात. मला धास्ती दमण्याची नव्हतीच. आपल्या एकटीपायी दहा माणसं रस्त्यात ताटकळतील, या विचारानेच पाय मागे येत होता. सगळ्यांची पानं वाढून झाल्यावर जेवायला बसणाऱ्या बायका आपण, आपल्यासाठी कुणी थांबायचं म्हणजे काय!

शेवटी एकदाची निघाले. त्या दिवशी जायचं होतं सिंधरोटला, महीच्या काठी. एका बाजूने साधारण 15 किलोमीटर. अलकापुरीच्या गरनाळ्यातून, म्हणजे रेल्वेखालच्या रस्त्याने पलीकडे, मग रेसकोर्स, गोत्री, सेवासी. गोत्रीपर्यंत मी सगळ्यांच्या बरोबरीने होते. सेवासीला 1543 सालची वाव, म्हणजे पायऱ्यांची विहीर आहे. बडोद्यात जन्म काढून मी ती कधी पाहिली नव्हती. तिथे सगळे उतरले, पायऱ्यांच्या तोंडाशी उभं राहून खाली वाकून पाहिलं, पाणी प्यायले. तिथून पुढे मात्र मांड्या भरून आल्या आणि पुढची लाल लाइट बारीक होत होत धुक्यात गेली.

मागे वळून पाहिलं तर एक गुजराती काका माझ्यामागे दहा हातांवर, आरामात. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे. ते म्हणाले, "आज शेपूट मी आहे बेन, मला पुढे जाता येत नाही." या मंडळींत दर रविवारी एकाकडे शेपटाची पाळी असते. त्याने सगळ्यांच्या मागे राहायचं. हवेचा पंप, जादा ट्यूब, टायर काढायचे चमचे त्याच्याच पाठीवर. आणि दर मोठ्या वळणावर पुढचे थांबतात ते शेपूट दिसेपर्यंत. म्हणजे माझ्यासाठी कुणी खोळंबत नव्हतं, थांबायचं आधीपासूनच ठरलेलं होतं. हे मला कुणी घरीच सांगितलं असतं, तर वर्षभर आधी आले असते.

थोडा वेळ माझ्या गुडघ्यांकडे बघून काका म्हणाले, "बेन, सीट बहु नीची छे." पाय सहज टेकावेत म्हणून आपण बायका सीट खाली ठेवतो. तिथेच चुकतं. गुडघा सारखा दुमडलेला राहतो आणि सगळा भार त्याच्यावर येतो. हिशेब असा : सीटवर बसून पेडल पार खाली आणायचं, त्यावर टाच ठेवायची. पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग चवडा पेडलवर ठेवला की गुडघ्यात थोडासाच बाक उरतो. काकांनी रस्त्याकडेला माझी सीट चार बोटं वर केली. पहिल्यांदा बसताना जीव मुठीत धरला होता. पण किलोमीटरभरातच पुढचा लाल दिवा पुन्हा दिसायला लागला. गुडघ्यांना दोष देत होते मी, आणि दुखणं सीटचं होतं!

बाकीचे कायदे थोडेच. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपलं पुढचं चाक न्यायचं नाही. तो जरा हलला की आडवे आपण होतो. अचानक ब्रेक नाही. खड्डा आला की पुढचा हाताने दाखवतो, मागून वाहन आलं की शेपूट "गाडी!" म्हणून ओरडतं आणि ते ओरडणं पुढे पुढे जातं. गप्पा मारत दोघं शेजारी चालवायची, तर रस्ता मोकळा असेल तरच. महीची कोतरं, म्हणजे काठच्या घळी, जवळ आली की रोझ, म्हणजे नीलगाय, कधी आडवी येईल सांगता येत नाही. आणि गांडो बावळ! त्या वेड्या बाभळीचा काटा टायरमधून आरपार जातो. म्हणून सायकल मातीत उतरवायची नाही, उचलून न्यायची.

एक गोष्ट बडोदेकरांना सांगायला नको, तरी सांगते. डिसेंबर लागला की गळ्याला मफलर हवाच, थंडी असो वा नसो. पतंगाचा मांजा डोळ्यांना दिसत नाही. आणि उत्तरायण, वासी उत्तरायण, म्हणजे 14 आणि 15 जानेवारीला सायकल घरात, आपण गच्चीवर.

परतताना सेव उसळ. तिखट तरी वेगळी मागून घ्या, सकाळी उपाशीपोटी झेपत नाही. पुण्याहून आलेला पाहुणा तिला मिसळ म्हणाला की आमची निम्मी मंडळी त्याच्याशी पाच मिनिटं बोलत नाहीत.

येत्या रविवारी शेपटाची पाळी माझी आहे. पंप आणि ट्यूब काकांनी कालच आणून दिली. पिशवीत मी माझ्याकडून एकच भर घातली आहे, सीट वरखाली करायचा पाना.