गोंधळ्याच्या पिशवीतले कागद

नमस्कार श्रोतेहो.

मागच्या मंगळवारी सकाळी नाना आमच्या ओसरीवर येऊन बसले. नाना गोंधळी आहेत, वय सत्तरीच्या पुढं. आमच्या पंचक्रोशीत, म्हणजे गंगाखेडच्या अल्याड-पल्याडच्या दहा-बारा गावांत, घरात लग्न झालं की कुळाचाराचा गोंधळ नानांनीच घालायचा, हे माझ्या लग्नाच्याही आधीपासून ठरलेलं. खांद्याला संबळ, आणि हातात खताच्या दुकानातून मिळते तशी जाड प्लास्टिकची पिशवी. संबळ त्यांनी खाली ठेवला नाही. आधी पिशवी माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाले, "गुरुजी, मानधनाचा फॉर्म भरायचाय. पंधरा वर्षांचा पुरावा मागायलेत म्हणं. बघा त्यात काय निघतं का."

मी पिशवी ओसरीवर रिकामी केली. सतरा-अठरा लग्नपत्रिका निघाल्या. बहुतेकींवर खाली एक ओळ होती : रात्री ९ वाजता गोंधळाचा कार्यक्रम. पण गोंधळ कोण घालणार, त्याचं नाव एकाही पत्रिकेवर नव्हतं. मामांची नावं होती, चुलत्यांची होती, आहेर स्वीकारला जाणार नाही हेही होतं. गोंधळ्याचं नाव छापायची आपल्याकडं रीतच नाही. एक फोटो निघाला. पुढं नवरा-नवरी पाटावर, मागं दिवटीचा उजेड, आणि त्या उजेडात नानांचा अर्धा चेहरा. तळाशी घडी घातलेला एक पिवळा कागद होता. आकाशवाणीवर लोकगीतं गायल्याचं करारपत्र. वरचा कोपरा वाळवीनं खाल्लेला, पण नाव आणि तारीख शाबूत. मी त्या कागदावर हात ठेवला आणि म्हटलं, "नाना, हा चालतो." तेव्हा कुठं त्यांनी खांद्यावरचा संबळ उतरवला.

श्रोतेहो, गावातल्या कलेला सरकारचा, म्हणजे तुमच्या-माझ्या करातला पैसा मिळतो. तो मिळालाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. पण तो कुठवर पोचतो आणि कुठं वाटेतच थांबतो, हे त्या पिशवीनं मला जसं दाखवलं तसं आधी कधी दिसलं नव्हतं.

आधी या मानधनाबद्दल सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी अनेकांच्या घरात असा एखादा कलावंत असेल. ज्येष्ठ साहित्यिक आणि कलावंतांना दरमहा मानधन द्यायची ही राज्याची योजना १९५४-५५ पासूनची आहे. पूर्वी तिच्यात तीन वर्ग होते : राष्ट्रीय, राज्य आणि स्थानिक. आपल्याकडचा भजनी, आराधी, शाहीर, वासुदेव, वाघ्या हे सगळे स्थानिक वर्गात मोडायचे आणि त्यांना महिन्याला २,२५० रुपये मिळायचे. २०२४ मध्ये योजनेला राजर्षी शाहू महाराजांचं नाव दिलं, वर्ग मोडले आणि सरसकट ५,००० रुपये केले. हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. परडी घेऊन आयुष्यभर देवीची गाणी म्हणणाऱ्या बाईला तू स्थानिक, तू खालची, असं कागदावर लिहून देणं बंद झालं. वयाची पन्नाशी ओलांडलेला, दिव्यांग असेल तर चाळिशी ओलांडलेला, आणि किमान १५ वर्षं कलेत घालवलेला माणूस अर्ज करू शकतो. कलावंत गेला तर मागं राहिलेल्या पतीला किंवा पत्नीला मानधन चालू राहतं. जिल्ह्याला वर्षाला १०० नवे कलावंत निवडता येतात. मराठवाड्याचे जिल्हे आठ, म्हणजे वर्षाला ८००. एकेका तालुक्यात किती गावं आहेत आणि एकेका गावात किती भजनी मंडळं, हे मनाशी मोजून पाहा. मग या आकड्याची ओढाताण लक्षात येईल.

आता पुराव्याचं. गाण्याचा कागद होत नाही. जात्यावर हजार ओव्या म्हटलेल्या आजीकडं कुठलं प्रमाणपत्र असणार? माझे वडील सांगायचे, पूर्वी सुगी झाली की खळ्यावर ज्वारीची रास पडायची, आणि रास घरी यायच्या आधी बलुतेदार-अलुतेदारांचा वाटा निघायचा. गोंधळी अलुतेदारांत. सूप-दोन सूप ज्वारी त्याच्या पदरात पडायची. गावानं आपल्या धान्यातून आपल्या कलावंताला पोसायचं, ही व्यवस्था तेव्हाही होतीच. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, वाटा घेणाऱ्याला वाकून उभं राहावं लागे, म्हणून ती गेली याचं मला दुःख नाही. पण तिथं पुरावा कुणी मागत नव्हतं. रात्रभर ज्यानं चौकात आख्यान सांगितलं त्याला सारं गाव ओळखत होतं. आता ओळख गावाकडं आणि पैसा शासनाकडं आहे. या दोघांना जोडणारा कागद कुणीतरी लिहून द्यायला हवा.

तो कागद ग्रामपंचायत लिहून देऊ शकते, पण लिहिला जात नाही. गावात येणारा निधी कसा खर्च होतो ते आपण पाहतो. आमदार निधीतून सभामंडप, खासदार निधीतून सभामंडप, जिल्हा नियोजनातून पुन्हा सभामंडप. माझ्या ओळखीच्या एका गावात मारुतीपुढं एक आणि महादेवापुढं एक असे दोन मंडप आहेत. दोन्हींवर निधी देणाऱ्यांची नावं ठळक रंगात आहेत. त्याच गावातल्या भजनी मंडळाचा पखवाज गेली तीन वर्षं फुटका पडलाय. पुडी, म्हणजे वरचं ताणलेलं कातडं, बदलायला पैसे नाहीत म्हणून हरिपाठ नुसत्या टाळांवर चालतो. सभामंडपाला माझा विरोध नाही. पावसात, उन्हात तो लागतोच. पण सिमेंटचं अंदाजपत्रक करता येतं, मोजमाप पुस्तिकेत चढवता येतं, फीत कापता येते. पखवाजाची पुडी कुठल्या लेखाशीर्षात घालायची, हे कुणालाच सांगता येत नाही.

हे केवळ गावाचं नाही. १९८४ साली दांडेकर समितीनं राज्याचा विभागवार अनुशेष मोजला. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पिण्याचं पाणी, प्रत्येकात मराठवाडा किती मागं आहे ते रुपयांत मांडलं. ते काम आवश्यकच होतं. त्यात कलेचा रकाना नव्हता. ज्या भूमीत नामदेवांची नरसी आहे, जनाबाईंचं गंगाखेड आहे, एकनाथांचं भारूड जिथून उठलं ते पैठण आहे, तिथं तालमीला जागा किती, शिकवणारे किती, शिकणारे किती, हे त्या अनुशेषात धरलंच गेलं नाही.

चांगलं चाललेलंही सांगितलं पाहिजे. नांदेड जिल्ह्यात लोह्याजवळ माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. जिल्हा परिषद ती भरवते. घोडे-गाढवांच्या बाजारासाठी ती प्रसिद्ध आहे, पण तिथं तमाशाचे फड उभे राहतात, आणि जिल्हा परिषद लोककलेचे कार्यक्रम स्वतः घडवून आणते. स्थानिक स्वराज्य संस्थेनं स्वतःच्या यात्रेत कलावंताला हक्काचा मंच द्यायचा, हा धडा इतर जिल्ह्यांनीही घ्यावा असा आहे. २०२० मध्ये यात्रा-जत्रा बंद झाल्या, तेव्हा संबळ, हलगी, ढोलकी या साऱ्यांची चूल यात्रांवरच पेटत होती हे आपल्या डोळ्यांदेखत कळलं.

दुसरी गोष्ट राज्य नाट्य स्पर्धेची. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती घेतं, आणि परभणी, नांदेड, लातूर, संभाजीनगर अशा केंद्रांवर आपल्याकडच्या हौशी मंडळींना नाटक करायला मिळतं. आम्ही शिक्षक मिळून परभणी केंद्रावर दोनदा उतरलो होतो. सादरीकरणासाठी शासनाकडून ठरावीक रक्कम मिळते, तिचा मोठा आधार वाटतो. पण ती मागाहून येते. प्रकाशयोजनेवाल्याचे आणि नेपथ्य वाहून आणणाऱ्या टेम्पोचे पैसे त्याच रात्री द्यावे लागतात. आणि तालमीची जागा? एका वर्षी तालमीसाठी ठरलेली खोली ऐनवेळी मिळाली नाही. महिनाभर आम्ही एका मित्राच्या शेतातल्या आखाड्यावर, कापसाच्या गंजीशेजारी तालीम केली. आमच्यातली एक ताई रोज बाराएक किलोमीटरवरून यायची. अंधारात परत जाणं सासरी पटेना, म्हणून पंधरा दिवसांनी तिनं नाटक सोडलं. त्या भूमिकेत तिच्यासारखी दुसरी कुणी उभी राहिली नाही. तालुक्याच्या गावी संध्याकाळी सहा ते आठ शाळेची एक खोली उघडी असती, दिवा आणि पंखा चालू असता, तर ती टिकली असती. त्याला कोटींचा निधी लागत नाही.

आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची योजना गुरु-शिष्य परंपरेची. नागपूरला दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्र आहे, १९८६ पासूनचं. महाराष्ट्रासह शेजारच्या अनेक राज्यांसाठी ते काम करतं. या योजनेत लुप्त होत चाललेली कला जाणणाऱ्या गुरूला, त्याच्या साथीदाराला आणि शिकणाऱ्या मुलांनाही दरमहा पैसे मिळतात. शिकणाऱ्याला पैसे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. कारण आमच्याकडचं पोर संबळ का धरत नाही, तर त्याला ऊसतोडीला जायचंय, पुण्याला कंपनीत लागायचंय. महोत्सव एका रात्रीत होतो, दिवे लागतात, सत्काराची शाल मिळते. संबळावर दोन काड्यांचा, एक सरळ आणि एक टोकाला वाकवलेली, त्यांचा मेळ हातात बसायला मात्र वर्षं जातात. त्या वर्षांची मजुरी कुणी द्यायची, हा खरा प्रश्न आहे. अशी योजना जिल्ह्याच्या पातळीवर हवी. गंगाखेडच्या गोंधळ्यानं नागपूरला अर्ज करावा, ही अपेक्षा जास्तच आहे.

तोवर आपल्या हातात काय आहे? पुढच्या ग्रामसभेत एक ठराव मांडा. गावातल्या कलावंतांची नावं, त्यांची कला, किती वर्षांपासून, एवढं इतिवृत्तात लिहून घ्या. सरपंचांची, ग्रामसेवकांची सही घ्या. घरात लग्न निघालं तर पत्रिकेवर गोंधळ्याचं, सनईवाल्याचं नाव छापा. यात्रेची पट्टी गोळा कराल तेव्हा भजनी मंडळाच्या वाद्यांसाठी त्यातले चार पैसे बाजूला काढा. मोबाईलवर आजीची ओवी टिपून घ्या, वर तिचं नाव आणि तारीख सांगा.

नानांचा अर्ज आम्ही त्याच दिवशी भरला. करारपत्र, फोटो, आणि गावातल्या पाच जाणत्या माणसांच्या सह्यांचा एक कागद जोडला. पोचपावती मी त्यांना दिली, तर ती त्यांनी पिशवीत न घालता संबळाच्या गवसणीत ठेवली. मग नातवाला हाक मारली. पोरगं सातवीत आहे, पायरीवर बसून गोडेतेलाच्या डब्यावर काड्या वाजवत होतं. नाना म्हणाले, "गुरुजी, ह्यो सुटीत शिकायला तयार हाय. पण त्याच्या बापानं ईचारलंय, त्यातून काय मिळंल?"

मी त्या पोराला संबळापुढं बसवलं. वाकडी काडी हातात कशी धरायची, ते नाना त्याला दाखवत होते.

नमस्कार.