विमानतळावरची थुंकी: व्हिएतनामची एक दंतकथा तपासायची कशी?

[सुरुवात. थेट कॅमेऱ्याकडे बघून.]

नमस्कार. एक प्रसंग डोळ्यांसमोर आणा. साल 1969. वर्षभर व्हिएतनामच्या जंगलात काढलेला विशीतला अमेरिकन सैनिक गणवेशात सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर उतरतो. समोरून लांब केसांची, गळ्यात मणी घातलेली मुलगी येते, त्याच्यावर थुंकते आणि ओरडते, "लहान मुलांचा खुनी!" तो बिचारा गप्प मान खाली घालून निघून जातो.

अमेरिकेत हा प्रसंग माहीत नाही असा माणूस सापडणं कठीण. 1982 च्या 'फर्स्ट ब्लड' या सिनेमात, म्हणजे पहिल्या रॅम्बोपटात, शेवटी नायक धाय मोकलून रडतो तेव्हा तोही विमानतळावरच्या अशाच थुंकणाऱ्यांबद्दल बोलतो. पण हे खरंच घडलं का? घडलं असेल तर किती वेळा? यावर तिथले अभ्यासक जवळजवळ तीस वर्षं भांडतायत. भांडण ऐकण्यासारखं आहे, कारण दोन्ही बाजू कुठे ना कुठे घसरल्यात.

[स्क्रीनवर: जेरी लेम्बकी, 1998]

वादाला तोंड फोडलं जेरी लेम्बकी या समाजशास्त्रज्ञाने. मॅसॅच्युसेट्समधल्या होली क्रॉस कॉलेजचा हा प्राध्यापक स्वतः व्हिएतनामला जाऊन आलेला आणि परतल्यावर युद्धविरोधी माजी सैनिकांच्या संघटनेत गेलेला. म्हणजे तो तटस्थ नव्हता, हे ध्यानात ठेवा. 1998 च्या पुस्तकात त्याचं म्हणणं असं: त्या काळात छापलेला ठोस पुरावा सापडत नाही. फोटो नाही, अटकेची नोंद नाही. गोष्टींचा पूर आला तो नंतर, ऐंशीच्या दशकात. आणि 1990-91 च्या आखाती युद्धात 'आपल्या सैनिकांच्या पाठीशी उभे राहा' म्हणताना याच गोष्टी पुन्हा वर काढल्या गेल्या.

त्याचा एक मुद्दा लोक फार उचलतात: सैनिक नागरी विमानतळावर उतरायचेच नाहीत, मग युद्धविरोधी आंदोलक त्यांना भेटणार कुठे? हे अर्धंच खरं आहे, म्हणून परतीचा प्रवास नीट बघू.

[स्क्रीनवर: नकाशा. ट्रॅव्हिस तळ, ओकलंड, सॅन फ्रान्सिस्को विमानतळ.]

व्हिएतनाममध्ये पलटणच्या पलटण एकत्र परतत नसे. प्रत्येकाची मुदत स्वतंत्र. लष्करात साधारण 12 महिने, मरीन असेल तर 13. मुदत संपली की भाड्याच्या प्रवासी विमानात, अनोळखी माणसांच्या शेजारी बसून परत. पश्चिम किनाऱ्यावर यातली बरीच विमानं सॅन फ्रान्सिस्कोपासून सुमारे 80 किलोमीटरवरच्या ट्रॅव्हिस हवाई तळावर उतरायची. तळाला पहारा, आंदोलक आत शिरणं शक्य नाही. तिथून बसने ओकलंडच्या लष्करी तळावर. कागदपत्रं, पगार, नवा गणवेश. इथपर्यंत लेम्बकीचं बरोबर.

पण पुढे? घर असायचं आयोवात नाहीतर टेक्ससमध्ये. त्यासाठी नागरी विमानतळ गाठावाच लागे. आणि गणवेश अंगावर असेल तर जागा शिल्लक असल्यास निम्म्या दरात तिकीट मिळे. म्हणून गणवेशातले थकलेले सैनिक तासन्‌तास विमानतळावर ताटकळत असायचे. थोडक्यात, 'व्हिएतनामहून आलेल्या विमानाच्या शिडीखालीच मला गाठलं' असं कोणी सांगत असेल तर आधी विमान कुठे उतरलं ते विचारा. 'घरच्या विमानाची वाट बघताना घडलं' असं म्हणत असेल, तर जागेच्या हिशेबाने त्यात अशक्य काही नाही.

आता दुसरी बाजू. 1987 मध्ये बॉब ग्रीन या शिकागोच्या स्तंभलेखकाने वाचकांना सरळ विचारलं: तुमच्यावर खरंच कोणी थुंकलं होतं का? पत्रांचा ढीग पडला. कोणी म्हणे हो, माझ्यावर थुंकले. कोणी म्हणे छे, मला तर लोकांनी जेवू घातलं. 1989 मध्ये त्याने ती पत्रं पुस्तकात छापली, आणि प्रसंग घडले होते असं त्याचं मत झालं.

ही पत्रं पुरावा म्हणून किती वजनाची? पत्र कोण लिहितं? ज्याला सांगायचंय तो. ज्याच्या परतीत काहीच घडलं नाही असा माणूस पोस्टाचं तिकीट कशाला खर्चील? त्यामुळे पत्रांवरून 'घडलं असावं' इतकं कळतं, 'किती जणांना घडलं' हे कळत नाही. आकडा मांडून बघा. व्हिएतनाममध्ये सुमारे 27 लाख अमेरिकनांनी सेवा केली. हजारात एकाच्या वाट्याला हा प्रकार आला असं नुसतं धरून चाललं, तरी 2,700 प्रसंग होतात. एक पुस्तक भरून वर उरतील, आणि तरीही उरलेल्या 999 जणांनी असलं काही पाहिलेलं नसेल. 'माझ्या मामाच्या बाबतीत घडलंय' आणि 'हा सार्वत्रिक अनुभव नव्हता' ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी असू शकतात.

मग त्या काळातलं काय हाती आहे? सगळ्यात कामाचा कागद म्हणजे 1971 ची हॅरिस पाहणी. सरकारसाठी केलेल्या या पाहणीत परतलेल्या सैनिकांना स्वागताबद्दल विचारलं होतं. घरच्यांनी आणि जवळच्या मित्रांनी आपुलकीने वागवलं असं 99 टक्क्यांनी सांगितलं. सैन्यात न गेलेल्या समवयस्कांनीही आपुलकी दाखवली असं म्हणणारे 94 टक्के. आठवण ताजी असतानाची ही उत्तरं आहेत, म्हणून वीस वर्षांनंतरच्या पत्रांपेक्षा त्यांचं वजन जास्त. पण यात थुंकीचा थेट प्रश्न नव्हता, आणि विमानतळावरचा अनोळखी माणूस काही समवयस्क मित्र नव्हे.

लेम्बकीच्या 'समकालीन पुरावा नाही' या दाव्यालाही तडा गेलाय. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातले कायद्याचे प्राध्यापक जिम लिंडग्रेन यांनी 2007 मध्ये जुनी वर्तमानपत्रं चाळली, तेव्हा गणवेशातल्या सैनिकांवर थुंकल्याचे उल्लेख 1967 ते 1972 च्या काळात छापलेले सापडले. डिसेंबर 1971 च्या सीबीएस या टीव्ही वाहिनीच्या बातम्यांत एका माजी सैनिकाने सिएटलमध्ये आपल्यावर थुंकल्याचं कॅमेऱ्यासमोर सांगितलेलंही निघालं. तेव्हा 'ही गोष्ट रॅम्बोनंतर जन्माला आली' असं कोणी म्हणालं तर ते चूक.

इथे एक गफलत हमखास होते. ऑक्टोबर 1967 मध्ये पेंटॅगॉनवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या मुख्यालयावर, युद्धविरोधी मोर्चा गेला. पहिल्या रांगेतल्या सैनिकांवर काही आंदोलक थुंकले, असं न्यूयॉर्क टाइम्सच्या जेम्स रेस्टनने तेव्हाच लिहिलं होतं. पण हे सैनिक बंदोबस्ताला उभे होते, युद्धावरून परतलेले नव्हते. दोन्हींची सरमिसळ केली की वाटेल ते सिद्ध होतं.

[कॅमेरा जवळ.]

तेव्हा अशी गोष्ट समोर आली की काय काय विचारायचं? ही पहिल्यांदा लिहिली किंवा बोलली कधी गेली? कोणती जागा, कोणता महिना? सांगणारा स्वतः तिथे होता की 'आमच्या तुकडीतल्या एकाला' अशी सांगोवांगी? आणि सैनिकाने पुढे काय केलं? लढाईतून आलेला विशीतला पोरगा, तोंडावर थुंकी पडल्यावर दरवेळी मुकाट निघून जातो? एखादा गेलाही असेल. पण धक्काबुक्की नाही, पोलीस नाहीत, साक्षीदार नाही, असं सगळ्याच गोष्टींत दिसायला लागलं की भुवया उंचावायला हव्यात.

आंदोलक आणि सैनिक एकमेकांचे वैरी होते, हे चित्रही फार सरधोपट आहे. 1968 मध्ये टेक्ससच्या किलीन गावात, फोर्ट हूड तळाच्या शेजारी, युद्धविरोधकांनी खास सैनिकांसाठी कॉफीचं दुकान काढलेलं: कॉफी, गाणी, पत्रकं, कायद्याचा सल्ला. एप्रिल 1971 मध्ये शेकडो माजी सैनिकांनी वॉशिंग्टनला संसदेसमोर आपली पदकं फेकून दिली. आंदोलनात सैनिकच होते, तर कोण कोणावर थुंकत होतं?

आणि खरी हेळसांड कुठे झाली? पैशात बघा. दुसऱ्या महायुद्धाहून परतलेल्यांना सरकार वर्षाला 500 डॉलरपर्यंत कॉलेजची फी देई, वर महिन्याचा निर्वाहभत्ता वेगळा. व्हिएतनामवाल्यांच्या वेळी, 1966 च्या कायद्याने, अविवाहित विद्यार्थ्याला महिना 100 डॉलर ठरवले. फी, पुस्तकं, खोलीभाडं सगळं त्यातच. युद्धाच्या मानसिक आघाताला पीटीएसडी म्हणून अधिकृत निदानात जागा मिळाली ती 1980 मध्ये. याला कोणी 'छी-थू' म्हटलं नाही. कायदा कमी पैशाचा आहे हे सिनेमात दाखवता येत नाही, थुंकणारी मुलगी दाखवता येते.

जाता जाता, तीच पट्टी एका उलट्या गोष्टीला लावू. 1972, मायामी. रिपब्लिकन पक्षाच्या अधिवेशनात राष्ट्राध्यक्ष निक्सन भाषण करतायत. व्हिएतनाममध्ये जखमी होऊन छातीखाली लुळा पडलेला माजी सैनिक रॉन कोविक आणि चाकाच्या खुर्चीतले त्याचे दोन साथीदार 'बॉम्बफेक थांबवा' म्हणून ओरडतात. त्यांना बाहेर काढलं जातं. या गडबडीत निक्सनच्या एका समर्थकाने आपल्या तोंडावर थुंकलं, असं कोविकने लिहिलंय. सांगणारा कोण? तो स्वतः. जागा, तारीख? पक्की. व्यत्यय आणला होता का? हो, त्याच रात्री टीव्हीवर त्याची मुलाखतही झाली. आणि थुंकीचं? ते 1976 च्या त्याच्या आत्मकथनात आहे, घटनेनंतर चार वर्षांनी, त्याच्याच शब्दावर.