बोरीबंदरची गाडी, लंडनचा हुकूम

(दृश्य : पहाटेचं सीएसएमटी, लोकलमधून उतरणारी गर्दी)

या स्टेशनाला जुनी माणसं अजून बोरीबंदर म्हणतात. इथून सुटणाऱ्या गाड्यांचा मालक मात्र एके काळी मुंबईत राहतच नव्हता. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे आपली जीआयपी, १८४९ साली ब्रिटिश पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाली. संचालक मंडळ लंडनमध्ये बसे. मुंबईतल्या मुख्य साहेबाचा हुद्दाच होता ‘एजंट’.

१६ एप्रिल १८५३. बोरीबंदर ते ठाणे, चौदा डबे, चारशे पाहुणे. हे आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण त्या गाडीमागचा करार आपल्याला कुणी शिकवला नाही. भागधारकांना वर्षाला पाच टक्के व्याजाची हमी. जमीन फुकट. कमाई कमी पडली तर भरपाई हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेवटी रयतेच्या घामातून. अशा करारात कंपनीने काटकसर करायची तरी कशासाठी?

(दृश्य : खामगाव स्टेशन, शेजारी कापसाचं शेत)

जलंब ते खामगाव हा जेमतेम आठ मैलांचा फाटा. १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आले. एवढ्याशा फाट्यासाठी? खामगावात कापसाचा मोठा बाजार होता. वऱ्हाडातल्या गाठी मुंबई बंदरात पोचवायच्या आणि तिथून बोटीने विलायतेला, हा सगळा हिशेब. मालभाडंही त्याच बेताने आखलेलं : बंदराकडे जाणारा माल स्वस्तात, देशातल्या देशात फिरणारा महाग. इथल्या कारखानदारीची वाट या दरांनीच अडवली, असं मला ठामपणे वाटतं.

१९०० मध्ये सरकारने जीआयपी विकत घेतली, आणि चालवायला परत त्याच कंपनीला दिली! १९०५ मध्ये कर्झनच्या काळात रेल्वे बोर्ड आलं. तीन माणसं, आणि देशभरच्या रेल्वेवर देखरेख.

लोकांचा रोष वाढत होता. प्रवासी उत्पन्नाचा मोठा वाटा थर्ड क्लासचा, आणि हाल सर्वांत जास्त त्याच डब्यात. १९२१ मध्ये, रेल्वे कुणी आणि कशी चालवावी हे तपासणाऱ्या अॅकवर्थ समितीचा अहवाल आला. अध्यक्षांचं मत स्पष्ट होतं : रेल्वे सरकारनेच चालवावी. १९२४ मध्ये रेल्वेचं अंदाजपत्रक सरकारच्या मुख्य अंदाजपत्रकापासून वेगळं झालं.

(दृश्य : मुख्य इमारतीतला जिना, रिकामा)

३० जून १९२५ ला कंपनीचा करार संपला आणि जीआयपीचा कारभार सरकारकडे आला. दुसऱ्या दिवशी याच इमारतीत कामकाज सुरू झालं, एजंटाचा हुद्दाही तसाच राहिला. हुकूम मात्र आता रेल्वे बोर्डाकडून येऊ लागला.