काळं रान प्लॉटिंगला जाताना

नमस्कार मंडळी, आज रानाविषयी बोलायचंय. परवा गावाबाहेरच्या रस्त्याला थांबलो होतो, समोर जेसीबी चालू. मागच्या हिवाळ्यात तिथं हरभरा होता, आता वरची दीड-दोन फूट काळी माती खरवडून डंपरमध्ये भरत होते, मागनं मुरूम टाकून रोलर, आणि कडेला रंगवलेले प्लॉटचे दगड. एक ढेकूळ उचलून फोडलं तर आत हरभऱ्याची वाळकी मुळं अजून तशीच. लई वाईट वाटलं.

कारण ही माती कुठं विकत मिळत नाही हो. आपल्याकडचा काळा पाषाण झिजून झिजून ती होते, एक इंच थर व्हायलाच शेकडो वर्षं जातात, म्हणजे ते दोन फूट हजारो वर्षांचे झाले आणि जेसीबीनं ते एका दुपारी उचलले.

शेतकऱ्याला दोष देऊ नका. पिकाला भाव नाही, कर्ज डोक्यावर, आणि गुंठ्याला लाखाचा रेट सांगत कोणी दारात आला तर माणूस किती दिवस नाही म्हणेल?

आता कोणी म्हणेल एका गावच्या चार एकरानं काय होतंय. तर बघा, जगाच्या बाजारात जो तांदूळ विकला जातो त्यातला साधारण 40 टक्के भारताचा असतो. जुलै 2023 मध्ये पाऊसपाणी आणि भाववाढीच्या काळजीनं सरकारनं साध्या पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवली, तर जगभर तांदळाचे भाव चढले, पश्चिम आफ्रिकेतल्या गरिबाच्या ताटापर्यंत ती झळ पोचली. ती बंदी पुढं उठली, पण रानावर सिमेंट पडलं की ते काही उठत नाही.

कॅनडात ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं 1973 मध्येच कायदा करून चांगली शेतजमीन राखीव केली, तिथं शेतीशिवाय दुसरं काही करायचं तर वेगळ्या आयोगाची परवानगी लागते. आपल्याकडेही 2013 च्या भूसंपादन कायद्यात कलम 10 आहे, की एकापेक्षा जास्त पिकं घेणारी बागायत जमीन दुसरा काहीच पर्याय उरला नाही तरच घ्यायची, आणि घेतलीच तर तेवढी पडीक जमीन लागवडीखाली आणायची. पण राष्ट्रीय महामार्गांसारख्या कामांना त्यातून सूट आहे, आणि मालकानं स्वतःहून प्लॉटिंगला विकली तर हे कलम तिथं लागूच होत नाही, प्रश्न उरतो फक्त जमीन एनए, म्हणजे बिगरशेती, करण्याचा. माझ्या मते खरी गळती इथंच आहे. एनए होताना जमीन काळी का मुरमाड, विहिरीला पाणी किती, वर्षाला पिकं किती, हे आधी बघायला पाहिजे.

घरं नकोत असं मी म्हणत नाही, पोरांना घरं लागणारच. आमच्या गावाला वरच्या अंगाला मुरमाड जमीन आहे, तिथं कुसळाशिवाय काही येत नाही, पाया मात्र पक्का लागतो. येत्या ग्रामसभेत गावठाण वाढीचा विषय आहे, घरं तिकडं वर न्या आणि ओढ्याकाठचं काळं रान सोडा, एवढं मी मांडणार आहे. तुमच्या गावात काय चाललंय ते पत्रानं जरूर कळवा. नमस्कार.