इंजिन बंद

सकाळचे साडेसात. पुण्यातल्या आमच्या घरामागची जास्वंद. फुलावर एक काळा ठिपका हलतोय. जरा थांबा, ऊन त्या फांदीपर्यंत येऊ द्या. हा बघा! मान निळी, पाठ जांभळी, सगळं अंग झळाळून उठलं. हा शिंजिराचा, म्हणजे सनबर्डचा नर. त्याची झळाळी पिसांच्या घडणीतून येते, नेमक्या कोनातून प्रकाश पडला तरच दिसते. म्हणून याचा फोटो काढताना सूर्य आपल्या पाठीशी हवा.

आणि हे त्याच्या मादीचं घरटं, आमच्या कपडे वाळत घालायच्या तारेला लोंबकळणारं. कोळ्याच्या जाळ्याचे धागे, सालीचे कपटे, वाळकी पानं; दारावर चक्क छोटीशी पडवी! बांधलं तिनं एकटीनं, अंडीही तीच उबवते. हे सगळं चित्रण स्वयंपाकघराच्या खिडकीआडून केलंय. कॅमेरा तारेजवळ नेला, तर ती चोचीत किडा धरून बाहेरच ताटकळते आणि तेवढा वेळ पिलं उपाशी राहतात. पिलं उडेपर्यंत आमचे कपडे गच्चीवर वाळले.

हे असं लांब राहायला मी शिकले ते भिगवणला.

पुण्याहून सोलापूर रस्त्यानं साधारण शंभर किलोमीटर. १९८० साली भीमेवर उजनी धरण पूर्ण झालं, गावं पाण्याखाली गेली. पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ आजही वर येतं. पावसाळ्यात भरलेला हा जलाशय हिवाळ्यापासून ओसरू लागतो, काठचा चिखल उघडा पडतो आणि तिथं रोहित, म्हणजे फ्लेमिंगो उतरतात.

पहिल्या खेपेला मी नावाडीकाकांच्या मागे लागले होते, "काका, अजून थोडं पुढे घ्या ना." अख्खा थवा उठला. रोहित जड पक्षी, पाण्यावर धावत धावतच त्याला हवेत उठावं लागतं. पंखांखालचा तो लालभडक रंग माझ्या कॅमेऱ्यात उत्तम आला. काका एवढंच म्हणाले, "ताई, सकाळधरनं चरत हुती ती. आता परत जागा हुडकायची." तो फोटो मी आजवर कुणालाही दाखवलेला नाही.

आज भिगवणजवळच्या कुंभारगावच्या काठावरून निघालोय. थव्याच्या बरंच अलीकडेच काकांनी इंजिन बंद केलं. आता बांबू टेकत, सावकाश. मी फळीवर पालथी झोपलेय, लेन्स पाण्याच्या जवळ. वरून काढलेल्या फोटोत नुसती पाठ आणि पाणी येतं, इथून त्याचा डोळा दिसतो. पांढरी पिसं उन्हात करपू नयेत म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप खाली, म्हणजे प्रकाश निम्म्यावर घेतलाय. शेजारी नदीसुरय पक्षी सूर मारतोय, त्याला शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाचं लागेल. पण तो नंतर.

अर्धा तास झाला. थवा चरत चरत आपणहून आमच्याकडे सरकतोय. पायांनी चिखल ढवळायचा, डोकं उलटं करून चोच पाण्यात घालायची, जिभेनं पाणी आत ओढून गाळून टाकायचं. कान दिलात तर तो बारीक चुळचुळ आवाजही ऐकू येईल.

सगळ्यात पुढचा रोहित मान वर करतो. क्षणभर नावेकडे बघतो. आणि पुन्हा चोच पाण्यात घालतो.