सौद्याच्या दिवशी फोन कुणाला येतो?

(सांगलीत संगणक अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)

आत आल्या आल्या तुमच्यातल्या एकानं मला विचारलं, "सर, जँगो चांगलं का नोड?" जँगो म्हणजे पायथन भाषेत वेब ॲप बनवायचा तयार सांगाडा, म्हणजे फ्रेमवर्क; नोड म्हणजे जावास्क्रिप्ट सर्व्हरवर चालवायचं साधन. मी म्हटलं, बाबा, आधी हे सांग, प्रोग्रॅम बंद पडल्यावर फोन कुणाला जाणार? तो हसला. मी थट्टा करत नव्हतो. मार्केट यार्डातल्या अडत्यांसाठी मी बरीच वर्षं सॉफ्टवेअर करतोय आणि फोन मलाच येतो. त्यामुळं आज जे बोलणार ते फोन उचलणाऱ्याच्या बाजूनं.

हळदीचा सौदा किती जणांनी बघितलाय? चार हात. सांगलीत राहून! एकदा सकाळी जाऊन या. ढिगापुढं बोली होते, भाव फुटतो, आणि मग शेतकऱ्याला पट्टी हवी असते. वजन किती, भाव काय, हमाली-तोलाई वजा जाता हातात किती.

आमचा पट्टीचा प्रोग्रॅम जँगोत होता. चाचणीला दहा लॉट घातले, पान झटक्यात उघडलं. हंगामात एका दिवशी चारशे लॉट आले आणि तेच पान उघडायला अकरा सेकंद लागायला लागले. अडत्या म्हणाला, "अवो, एवढ्यात वहीत लिवून झालं असतं." माझ्याकडच्या पोरानं लगेच निदान केलं, पायथन स्लो आहे, गो या भाषेत नव्यानं लिहू. म्हटलं थांब, आधी लॉग, म्हणजे प्रोग्रॅमनं काय काय केलं त्याची नोंद, उघड. बघतो तर प्रत्येक लॉटमागं शेतकऱ्याचं नाव आणायला डेटाबेसकडं स्वतंत्र फेरी चाललेली, आणि डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर. यादीची एक फेरी, नावांच्या चारशे. याला एन प्लस वन म्हणतात. हा दुसऱ्या भाषांतल्या फ्रेमवर्कमध्येही होतो. रेल्समध्ये होतो, लारावेलमध्ये होतो, स्प्रिंगखालच्या हायबरनेटमध्येही होतो. क्वेरीत, म्हणजे डेटाबेसला विचारायच्या प्रश्नात, 'सिलेक्ट रिलेटेड' घातलं, नावं यादीबरोबर एकाच फेरीत आली आणि पान सेकंदाच्या आत आलं. गोमध्ये तसंच लिहिलं असतं तर गोनं त्याच चारशे एक फेऱ्या मारल्या असत्या, फक्त जरा रुबाबात.

भाषेच्या वेगाला अर्थ नाही असं मी म्हणत नाही. फोटो लहान करायचेत, मोठं गणित सोडवायचंय, तिथं गो किंवा जावा पायथनला सहज मागं टाकतात. पण वेब ॲपचा बराचसा वेळ डेटाबेसची वाट बघण्यात जातो. वाट बघायला कुठलीही भाषा सारखीच हुशार.

खरा फरक चालण्याच्या पद्धतीत आहे. पीएचपी म्हणजे आठवडा बाजार. दर रिक्वेस्टला, म्हणजे कुणी पान मागितलं की, पाल ठोकायचं, माल मांडायचा, गिऱ्हाईक गेलं की गुंडाळायचं. मेहनत वाया जाते, पण कचराही पालाबरोबरच जातो. मेमरी गळत राहून चार दिवसांनी सर्व्हर बसला, हे तिथं क्वचित. १९९५ साली रासमस लेर्डॉर्फनं बाहेर काढलेली ही भाषा. तिला नावं ठेवणाऱ्यांच्या हयातीत ती काही जात नाही. जावा म्हणजे पक्कं दुकान. शटर उघडायला वेळ, जागा जास्त. पण एकदा धंदा तापला की जेव्हीएम, म्हणजे जावा चालवणारं इंजिन, सारखा लागणारा कोड यंत्रभाषेत आणून ठेवतं आणि मग ऐकत नाही.

नोड मला भेळेच्या गाड्यासारखं वाटतं. २००९ साली रायन डालनं ते आणलं. गाड्यावर माणूस एकच. ऑर्डर घेतो, पुढं सांगतो, लगेच पुढच्याकडं वळतो. कुणासाठी खोळंबत नाही. म्हणून हजार गिऱ्हाइकं सांभाळतो. पण तोच जर कांदा चिरायला बसला तर अख्खी रांग उभी. आम्ही एका ठिकाणी दिवसभराच्या पट्ट्यांची पीडीएफ त्याच प्रोसेसमध्ये बनवायला लावली होती. ती चालू झाली की इतर कुणाला लॉगिनही होईना. काम वर्करकडं, म्हणजे मागं स्वतंत्र चालणाऱ्या प्रोसेसकडं, दिलं, गाडा सुरू.

आणि पैशाचं एक. जावास्क्रिप्टमध्ये ०.१ अधिक ०.२ करून बघा, उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. पायथनचा फ्लोट, म्हणजे साधी दशांश संख्या, तोही तेच सांगतो, पण तिथं दशांशाचा हिशेब अचूक ठेवणारं डेसिमल घरचंच आहे, जावात बिगडेसिमल आहे. जावास्क्रिप्टमध्ये तशी सोय भाषेतच नाही, म्हणून रक्कम रुपयांत नको, पूर्णांकात, पैशांतच साठवा. एक रुपयाचा फरक आला तर शेतकरी फ्रेमवर्क विचारत नाही, तुमची नियत विचारतो.

२०१९च्या महापुरात एका दुकानातला संगणक पाण्याखाली गेला. डेटाबेसची प्रत दुसरीकडं सुरक्षित होती, अर्ध्या तासात डेटा परत. प्रोग्रॅम उभा करायला मात्र दोन दिवस. कारण लायब्ऱ्यांच्या, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडच्या, आवृत्त्या मी बांधून ठेवल्या नव्हत्या. इन्स्टॉल केल्यावर नव्या आल्या आणि एकमेकींशी भांडायला लागल्या. गाढवपणा माझाच. त्याच्या तीन वर्षं आधी, २०१६ मध्ये, लेफ्टपॅड नावाचं अकरा ओळींचं पॅकेज एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या कोठारातून, काढलं गेलं आणि जगभरात बिल्ड, म्हणजे प्रोग्रॅम जुळवून उभे करायची कामं, कोसळले, हे वाचूनही मी शहाणा झालो नव्हतो.

तेव्हापासून मी फ्रेमवर्क निवडताना त्यांचा स्वभाव बघतो. अँग्युलरजेएस या स्क्रीन बनवायच्या फ्रेमवर्कमध्ये आम्ही खूप स्क्रीन केल्या होत्या. २०१६ ला अँग्युलर २ आलं. आडनाव तेच, घर दुसरं. जुन्याचा आधार २०२१ संपताना सुटला, स्क्रीन नव्यानं लिहाव्या लागल्या आणि त्याचे पैसे अडत्याकडं कुठल्या तोंडानं मागणार? उलट गोवाल्यांनी २०१२ ला १.० काढताना शब्द दिला, की गो १ साठी लिहिलेला कोड पुढच्या गो १च्या आवृत्त्यांवरही चालत राहील. जँगोच्या एलटीएस, म्हणजे जास्त काळ आधार मिळणाऱ्या, आवृत्तीला साधारण तीन वर्षं सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात. मला हे आकडे रिक्वेस्ट-पर-सेकंदपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

मागून कुणीतरी विचारतंय, "सर, आणि रस्ट?" शिका की! २०१५ ला या भाषेचं १.० आलं, मेमरीची जी शिस्त ते लावतं ती दुसरीकडं क्वचितच लागेल. पण पट्टीचा प्रोग्रॅम रस्टमध्ये लिहून तुम्ही पुण्याला गेलात, तर दुरुस्तीला मी माणूस कुठनं आणू? आणि 'आम्ही नाही जाणार' म्हणू नका. माझ्याकडचे मागचे तिघं हेच म्हणाले होते.