धाडसाचा दुसरा दिवस

मित्रमैत्रिणींनो, शूर मुलींच्या गोष्टी आपण जिथे संपवतो, त्याबद्दल माझी तक्रार आहे. मुलगी 'नाही' म्हणते, टाळ्या पडतात, गोष्ट संपते. पण त्या मुलीसाठी दुसरा दिवस उजाडतोच. पोलीस असतात, वकील असतात, बोलणारे शेजारीपाजारी असतात. आज मला त्या दुसऱ्या दिवसाबद्दल बोलायचं आहे.

क्लॉडेट कॉल्विन. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातलं मॉन्टगोमेरी शहर, २ मार्च १९५५. पंधरा वर्षांची क्लॉडेट शाळेतून बसने घरी चालली होती. एक गोरी बाई उभी होती, म्हणून चालकाने कृष्णवर्णीय मुलींना उठायला सांगितलं. बाकीच्या उठल्या, ही उठली नाही. भाडं भरलंय, इथे बसणं हा घटनेने दिलेला हक्क आहे, असं ती ओरडून सांगत राहिली. दोन पोलिसांनी तिला ओढून बाहेर काढलं तेव्हा मांडीवरची शाळेची पुस्तकं उडाली. हातकड्या घालून तिला मोठ्या माणसांच्या तुरुंगात नेलं. शाळेत नुकताच कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवून झाला होता. गुलामगिरीविरुद्ध लढलेल्या दोन कृष्णवर्णीय स्त्रिया, हॅरिएट टबमनचा हात एका खांद्यावर आणि सोजर्नर ट्रुथचा दुसऱ्या खांद्यावर दाब देत होता, मग उठणार कशी, असं ती पुढे सांगायची. इतिहासाचा तास कशासाठी असतो, याचं याहून चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही.

ती घरी आली त्या रात्री वडील बंदूक घेऊन जागे राहिले. कू क्लक्स क्लॅन या कृष्णवर्णीयांवर हल्ले करणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेची माणसं चालून येतील, ही धास्ती होती.

रोझा पार्क्स यांचं नाव जगाला ठाऊक आहे. बसमधली जागा सोडली नाही म्हणून त्यांची अटक झाली डिसेंबरात, म्हणजे नऊ महिन्यांनी, आणि त्यानंतर कृष्णवर्णीयांनी शहरातल्या बसवर बहिष्कार टाकला. पुढाऱ्यांनी क्लॉडेटला चळवळीचा चेहरा केलं नाही. वय कोवळं, घर गरीब, आणि पुढे ती लग्नाशिवाय गरोदर राहिली. पुढाऱ्यांची अडचण मला समजते. पण त्या मुलीवर काय बेतलं असेल, तेही समजतं. मनात आणलं असतं तर ती घरी बसली असती, कोणी बोल लावला नसता. पण मे १९५६ मध्ये, बाळंतपणाला दोन महिनेही झाले नसताना, सोळा वर्षांची क्लॉडेट संघीय न्यायालयात साक्षीला उभी राहिली. बसवरचा बहिष्कार मार्टिन ल्यूथर किंग यांनी चिथावल्यामुळे झाला, असं शहराच्या वकिलाला तिच्या तोंडून वदवून घ्यायचं होतं. तुमचा पुढारी कोण, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, आमचे पुढारी आम्हीच. ब्राउडर विरुद्ध गेल या त्याच खटल्याने मॉन्टगोमेरीच्या बसमधला वर्णभेद कायद्याने संपला. क्लॉडेटवरच्या जुन्या गुन्ह्याची नोंद मात्र २०२१ साली पुसली गेली. तेव्हा ती ८२ वर्षांची होती.

जर्मनीतली सोफी शॉल एकवीस वर्षांची होती. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी म्युनिक विद्यापीठात हिटलरविरोधी पत्रकं टाकताना ती आणि तिचा भाऊ हान्स पकडले गेले. सुरुवातीला तिने सगळं इतकं ठामपणे नाकारलं, की चौकशी करणाऱ्यालाही ते पटू लागलं होतं. हान्सने कबुली दिल्याचं कळल्यावर मात्र तिने साथीदारांना वाचवण्यासाठी सगळा दोष स्वतःकडे घ्यायचा प्रयत्न केला. हे सगळं चुकलं असं नाही का वाटत, असा प्रश्न तिला शेवटी विचारला गेला. आपल्या लोकांसाठी या घडीला जे उत्तम करता येईल ते केलं, पश्चात्ताप नाही, परिणाम भोगीन, असा तिचा जबाब नोंदवलेला आहे. २२ फेब्रुवारीला खटला चालला आणि त्याच दिवशी गिलोटिनवर शिक्षा अमलात आली. हान्स आणि तीन लेकरांचा बाप असलेला ख्रिस्तोफ प्रोब्स्ट हेही तिच्याबरोबरच गेले.

आणि आपल्या मणिपूरची गाइदिन्ल्यू. तिचा चुलतभाऊ जादोनांग याला इंग्रजांनी १९३१ मध्ये फाशी दिलं. त्यानंतर झेलियांग्रोंग नागांचा लढा या पोरसवदा मुलीने पुढे नेला. घरपट्टी भरू नका, असं गावोगाव सांगितलं. ऑक्टोबर १९३२ मध्ये ती पकडली गेली तेव्हा सतरा वर्षांची होती. शिक्षा जन्मठेपेची. १९३७ मध्ये नेहरू तिला शिलाँगच्या तुरुंगात भेटले, तिला 'राणी' म्हणाले, सुटकेसाठी खटपटही केली. ती फळाला आली नाही. सतरा ते बत्तीस, म्हणजे आपल्या मुली शिकतात, नोकरीला लागतात, संसार मांडतात ती सगळी वर्षं, तुरुंगात गेली. १९४७ मध्ये सुटल्यावरही तिला घरी जाता आलं नाही. लोंगकाओ या आपल्या गावी परतायची परवानगी तिला १९५२ मध्ये मिळाली.